चार वर्षांचा शब्द

९ ऑगस्ट, बुधवार

कॉलेजच्या फुटबॉल संघासाठी चौऱ्याण्णव पोरं आली. दोनदा मोजली. गेल्या वर्षी याच दिवशी बावन्न होती आणि त्यातली सहा पहिल्या आठवड्यात घरी पळाली होती.

यातली अठ्ठावन्न मी आणली. फेब्रुवारीपासून मेपर्यंत गाडी हाकत होतो. मिसूरी, ओक्लाहोमा, पार टेक्सासच्या टोकापर्यंत. प्रत्येक घरी स्वयंपाकघरात बसायचं, आई पुढे ठेवेल ते सगळं खायचं आणि मग बोलायचं. यंदा हेड कोच झालो; त्याआधी अकरा वर्षं मी इथेच मदतनीस कोच होतो, आणि त्याच्याही आधी हायस्कूलमध्ये पोरांना गाडी चालवायला शिकवायचो. बोलण्यात मी हुशार आहे हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

दुपारी कॉलेजच्या प्रेसिडेंट हार्मन स्वतः मैदानावर आल्या. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "वेंडेल, तुम्ही आम्हाला एक वर्ष मिळवून दिलंत." अकरा वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं. डोळे भरून आले, टोपी पुढे ओढली.

घरी बायकोला, जोलीनला, सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "एक वर्ष म्हणजे?"

"म्हणजे संघाचं वर्ष. हंगाम."

"अच्छा," म्हणाली आणि तेच ताट परत पुसायला लागली.

१२ ऑगस्ट, शनिवार

झीक (कागदावर एसेकिएल) बरेरा जेवत नाही. पोरगं एकशे चाळीस किलोचं, अन् ताटात सफरचंद. टेक्सासच्या टोकाच्या ईगल पासहून सव्वीस तास बस बदलत आलाय. त्याच्याशेजारी बसलो.

"काय रे, आवडत नाही?"

"आवडतं, कोच. पण इथे सगळं गोड आहे. मांससुद्धा."

त्याच्या आईचं घर आठवलं. मारिबेल बरेरा, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. कोपऱ्यात खुर्चीवर तिची म्हातारी आई, जिने झीकला वाढवलं. मारिबेलने मला एकच प्रश्न तीनदा विचारला होता, "चार वर्षं? पूर्ण चार? मधेच कोणी काढून टाकणार नाही?" मी म्हटलं, "मिसेस बरेरा, पोरगा पास होत राहिला तर चार वर्षांनी हातात डिग्री घेऊन घरी येईल. माझा शब्द." म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं. मारिबेलने तिला सांगितलं, आणि म्हातारीने उठून माझ्या ताटात आणखी दोन तमाले वाढले.

उद्या त्याच्यासाठी तिखट सॉस घेऊन येईन.

२४ ऑगस्ट, गुरुवार

मैदानाची काळजी घेणाऱ्या माणसाला कमी केलंय. आता गवत मी आणि ऑर्व्ह टीग कापतो. ऑर्व्ह एकाहत्तर वर्षांचे, फुकट येतात. एके काळी तेच इथे माझे कोच होते. मी यंत्र चालवतो, ते पांढऱ्या रेघा मारतात. रेघा वाकड्या येतात.

"तू म्हणशील तर सरळ मारतो," ते म्हणाले, "पण मग सप्टेंबर उजाडेल."

लायब्ररीत दोन अनोळखी माणसं हातातल्या यंत्राने पुस्तकं मोजत होती. संगीत विभागाचे तीनही पियानो दुरुस्तीला गेलेत. मला बरं वाटलं. म्हणजे निदान कुणीतरी या जागेकडे लक्ष देतंय.

२ सप्टेंबर, शनिवार

सहा विरुद्ध एक्केचाळीस. हरलो. लिहिण्यासारखं काही नाही.

१६ सप्टेंबर, शनिवार

तिसरा पराभव. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, कॅल डोरन्स, चौथ्या वर्षाचा, शांत पोरगा. आज सात वेळा आडवा पडला, कारण त्याला वाचवणारी पुढच्या पोरांची भिंतच उभी राहत नाही. सातव्यांदा उठला तेव्हा म्हणाला, "कोच, आकाश छान आहे आज. मी पुष्कळ पाहिलं."

परत येताना बसमध्ये मला बसवेना. पुढे मागे फिरत होतो. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, बसा, नाहीतर तुम्हीच चालवा."

घरी जोलीन म्हणाली, नोंदणी कार्यालयातली बाई नोकरी सोडून गेली. वीस वर्षांची नोकरी.

"डे मॉइन शहरात चांगलं काम मिळालं असेल," मी म्हटलं.

"हिशेब विभागातला माणूसही गेला, वेंडेल. आणि हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचा परत फोन होता. जागा रिकामी आहे म्हणाले."

"मी हेड कोच आहे जोलीन. आयुष्यात पहिल्यांदा."

तिने मुख्याध्यापकांचा नंबर लिहिलेला कागद फ्रिजवर लावला. तिचं न बोलणं मला अलीकडे फार ऐकू येतं.

२३ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो! वीस विरुद्ध सतरा.

कॅलला चेंडू मागे देणाऱ्या सेंटरचा गुडघा गेला म्हणून झीकला त्याच्या जागी मधोमध उभं केलं. पहिला चेंडू त्याने पायांमधून मागे दिला तो थेट कॅलच्या डोक्यावरून गेला. मी डोळे मिटले. पण दुसऱ्या सत्रात त्या पोराने समोरच्या माणसाला असा काही मागे रेटत नेला की तो माणूस आपल्याच कोचच्या पायांत जाऊन बसला. ऑर्व्ह एवढे हसले की मला त्यांना पाणी द्यावं लागलं.

नंतर सगळ्यांना राजमा-मांसाची चिली आणि दालचिनीचे रोल. झीकच्या आईचा फोन आला, त्याने स्पीकरवर लावला, नव्वद पोरं तिच्या नावाने ओरडली. ती मला म्हणाली, "कोच, माझ्या भावाचा मुलगाही पुढच्या वर्षी शाळा संपवतोय. तोही असाच जाडा आहे. पाठवू?"

"पाठवा म्हणजे काय! मीच न्यायला येतो."

१० ऑक्टोबर, मंगळवार

झोप लागत नाही. पहाटे साडेचारला उठून बसलोय.

पुढच्या वर्षीच्या पोरांना पाठवायच्या पत्रावर सही घ्यायला प्रेसिडेंटकडे गेलो होतो. त्यांनी पत्र वाचलं, उलटं ठेवलं. "आत्ता नको, वेंडेल. नोव्हेंबरमध्ये बघू."

"आत्ता नाही पाठवलं तर दुसरी कॉलेजं घेऊन जातील त्यांना."

"नोव्हेंबरमध्ये," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या.

मी मूर्ख नाही. नोव्हेंबरमध्ये हंगाम संपतो. चार सामने हरलोय, एक जिंकलाय. मला काढायचं की ठेवायचं, ते त्यांना तेव्हा ठरवायचंय. ठीक आहे. मग जिंकावं लागेल. आजपासून सकाळी साडेपाचला पहिला सराव, संध्याकाळी दुसरा.

काल संध्याकाळी हे ऐकून ऑर्व्ह म्हणाले, "गवतावर बर्फ असतं रे त्या वेळी. पोरांना वर्गही असतात."

"मला माहितीये."

"तुला काय झालंय?"

"मला काही झालं नाहीये, ऑर्व्ह, मला फक्त जिंकायचंय!" मी ओरडलो. त्यांच्यावर. त्यांनी रेघा मारायचं सामान खाली ठेवलं, मग परत उचललं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

जिंकलो. सव्वीस विरुद्ध सात. साडेपाचचा सराव बरोबर होता.

१८ ऑक्टोबर, बुधवार

झीकची आजी काल गेली. मैदानावर यायच्या आधीच तो माझ्या खोलीत आला, टोपी हातात.

"शुक्रवारी दफन आहे, कोच. मी गेलो तर सोमवारपर्यंत येईन."

शनिवारी जो संघ येतोय त्याचा मधला गडी आमच्या दुसऱ्या कुणाही पोराला चिरडून कॅलपर्यंत पोहोचेल. ते मी त्याला सांगितलं. खोटं काही सांगितलं नाही. म्हटलं, जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. पण कॅलचा हा शेवटचा हंगाम आहे, आणि तुझ्याशिवाय त्याचं काय होईल ते तुलाही दिसतंय. शनिवारनंतर जा, मी स्वतः गाडीने सोडतो हवं तर.

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "आईला विचारतो."

दहा मिनिटांनी परत आला. "आई म्हणते, थांब."

मला हलकं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण वाटलं ते खरं लिहायचं ठरवलंय.

२१ ऑक्टोबर, शनिवार

जिंकलो. झीकसारखा खेळ मी या मैदानावर कधी पाहिला नाही. एकदाही हसला नाही.

जोलीनला रात्री जेवताना सगळं सांगितलं, आजीचंही. तिने चमचा खाली ठेवला. "तू त्याला म्हणालास की तुझ्याशिवाय त्या दुसऱ्या पोराचं काय होईल?"

"मी अडवलं नाही."

"नाही," ती म्हणाली. "तू कधीच कुणाला अडवत नाहीस. तू फक्त बोलतोस."

झीकला घरी सोडायचं राहिलं. आता तो म्हणतो, जाऊन काय करू.

२८ ऑक्टोबर, शनिवार

सलग तिसरा विजय. प्रेसिडेंट सामन्याला आल्या नव्हत्या. नोव्हेंबर चार दिवसांवर आलाय आणि मला त्याची आता भीती नाही.

१ नोव्हेंबर, बुधवार

अकराला सगळ्यांना चॅपेलमध्ये बोलावलं. विद्यार्थी, शिक्षक, स्वयंपाकघरातल्या बाया. प्रेसिडेंट हार्मननी कागद वाचला. कॉलेज मे महिन्यात बंद होणार. कायमचं. एकशे छत्तीस वर्षं वगैरे. मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. माझ्या पुढच्या तीन रांगांमध्ये माझी पोरं बसली होती आणि एकेक मान मागे वळत होती. माझ्याकडे.

मी सरळ त्यांच्या मागोमाग ऑफिसात गेलो. दार वाजवलं नाही.

"कधीपासून माहीत होतं?"

"वेंडेल, बसा."

"फेब्रुवारीत मला टेक्सासला पाठवलंत तेव्हा माहीत होतं?"

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. "वसंतातच बंद करायची वेळ आली होती. तुम्ही मुलं आणलीत, त्यांच्या फीवर आणखी एक वर्ष निघालं. वाटलं होतं, त्या वर्षात कुणीतरी हात देईल. आम्हाला आशा होती."

"आशा तुमची होती," मी म्हटलं, "शब्द माझा होता."

एक वर्ष मिळवून दिलंत. ऑगस्टपासून मी ते वाक्य मेडलसारखं छातीवर लावून फिरतोय.

घरी जोलीन दारातच उभी होती. तिला गावात कळलंच होतं. "तुला अंदाज होता?" मी विचारलं.

"लोक सोडून जात होते, वेंडेल. मी किती वेळा सांगितलं."

"स्पष्ट सांगायचंस!"

"तू आनंदात होतास," ती म्हणाली. "अकरा वर्षांनी."

२ नोव्हेंबर, गुरुवार

सरावाला एकसष्ट आले. बाकीचे खोल्यांमध्ये सामान बांधताहेत, काही कालच गेले. सराव घेतला नाही. गवतावर बसलो सगळे.

मागून कुणीतरी म्हणालं, "कोच, माझ्या बापाने तुमच्यासाठी डुक्कर कापलं होतं." काही जण हसले. मला हसू आलं नाही.

झीकने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही."

"देवाशपथ?"

"देवाशपथ. पण माहीत करून घ्यायला हवं होतं. विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

तो उठला, पँटवरचं गवत झटकलं. मग म्हणाला, "आईला तुम्ही सांगा."

खोलीत आलो आणि तिला फोन केला. तिच्या मागे मोठ्या भांड्यांचा आवाज येत होता, शाळेच्या जेवणाची वेळ. सगळं सांगितलं. भाच्याला पाठवू नका तेही सांगितलं. ती भांड्यांपासून लांब गेली असावी, आवाज कमी झाला. मग म्हणाली, "म्हणजे चार वर्षं नाहीत."

"नाहीत."

"कोच, मी माझ्या आईला पुरलं. सगळे विचारत होते, एसेकिएल कुठे? मी म्हटलं, त्याच्या कोचला त्याची गरज आहे. त्याचा कोच चांगला माणूस आहे, त्याने आपल्याला शब्द दिलाय." आवाज चढला नाही तिचा. "आता मुलं जेवायला आलीत. मला फोन ठेवावा लागेल."

४ नोव्हेंबर, शनिवार

रागाने खेळले आणि जिंकले. पाच विजय, चार पराभव. शेवटचा सामना जिंकला तर हरल्यापेक्षा जास्त जिंकलेला हंगाम, सतरा वर्षांत पहिला. कपडे बदलायच्या खोलीत कुणी गाणं म्हटलं नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून फोन. आमच्या पोरांना घ्या म्हणून बावीस कोचना फोन केले, काहींना मी ओळखतही नाही. सगळे एकच म्हणतात: "वाईट झालं यार. त्यांच्या खेळाची फिल्म पाठव, बघतो."

फिल्म कुठून पाठवू? कॅलची आहे, झीकची आहे, आणखी वीसेक जणांची आहे. बाकीची पोरं हंगामभर बाजूला उभी होती. मी त्यांना आणलं, दिवसातून दोनदा बर्फात पळवलं आणि एकदाही आत सोडलं नाही, कारण मला जिंकायचं होतं.

८ नोव्हेंबर, बुधवार

झीकला बोलावलं. म्हटलं, "सामान भर. जोलीन तुला ओमाहाच्या विमानतळावर सोडतेय. घरी जा."

"शनिवारी सामना आहे."

"माहितीये."

"मी नसलो तर कॅलचं काय होईल?"

माझंच वाक्य. "कॅलशी मी बोललोय. तो म्हणाला, झीकला सांगा, मला आकाश बघायची सवय आहे."

तेव्हा तो रडला. एवढं मोठं पोरगं, दोन्ही हातांत तोंड धरून. आजीसाठी रडत होता, तीन आठवडे थांबलेलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, आणि मग ठेवला नाही. त्याने मागितला नव्हता.

११ नोव्हेंबर, शनिवार

सामन्याआधी सांगितलं, आज सगळे खेळतील. जे कधी मैदानात गेले नाहीत ते आधी. ऑर्व्ह कॅमेरा घेऊन छपरावर चढले. एकाहत्तराव्या वर्षी, शिडीने. त्यांच्या हातात यादी होती: कोणत्या क्रमांकावर किती वेळ रोखायचं.

कॅल म्हणाला, "म्हणजे हरणार आपण."

"बहुतेक. तुला चालेल? तुझा शेवटचा आहे."

त्याने बाजूला उभ्या पोरांकडे पाहिलं. हेल्मेटं आतापासूनच घालून बसली होती, पट्टे आवळून, जणू कुणी काढून घेईल. "माझी फिल्म आहे, कोच," तो म्हणाला.

मध्यंतराला चौदा-दहा असे पुढे होतो. कसं, ते देवाला ठाऊक. आणि तेव्हा, खरं लिहितो, मला मोह झाला. चांगली अकरा पोरं परत घातली असती तर सामना आमचा होता. सहा-चार. सतरा वर्षांत पहिला. फळ्यावर खडूने त्यांची नावंसुद्धा लिहिली. मागे वळलो तर जारेल टॉलिव्हर उभा होता. ओक्लाहोमातल्या लॉटनचं पोरगं, काडीसारखं, अजून एक चेंडूही न खेळलेलं. तो फळा वाचत होता. वाचून झाल्यावर गुपचूप हेल्मेटचा पट्टा सोडायला लागला.

मी फळा पुसला. "टॉलिव्हर, पट्टा लाव. पहिल्यांदा तू."

त्याने दोन चेंडू हातातून सोडले. मग त्याच्या दुप्पट माणूस धावत आला तेव्हा त्याच्या घोट्यांना मिठी मारून त्याला असा पाडला की बाकावरची सगळी पोरं मैदानात घुसली आणि पंचाने आम्हाला दंड केला. छपरावरून ऑर्व्हचा आवाज आला, "घेतलंय! घेतलंय मी ते!"

चौदा विरुद्ध पस्तीस. हरलो. पाच विजय, पाच पराभव.

समोरचा कोच हात मिळवायला आला. काही तरी बोलायचं होतं त्याला, पण फक्त म्हणाला, "तो लहानखुरा कोण, ज्याने आमच्या माणसाला पाडलं?" मी नाव लिहून दिलं. पुढे काही होईल असं नाही.

२९ नोव्हेंबर, बुधवार

अठ्ठावन्नपैकी एक्केचाळीस जणांची दुसऱ्या कॉलेजांत सोय झाली. ऑर्व्ह आणि जोलीन माझ्या खोलीत बसून फिल्म कापतात. दोघांची भांडणं ऐकण्यासारखी असतात.

"इथे तो पडलाय, हे काढा."

"पडलाय, पण बघ किती लवकर उठलाय. राहू दे."

झीकचा निरोप आला. तो ईगल पासमध्येच राहतोय. जानेवारीपासून जवळच्या लहान कॉलेजात, तिथे फुटबॉल नाही. तीन मोठे कोच त्याला मागत होते. मी फोन करून सांगितलं. म्हणाला, "माहितीये कोच. पण इथे मी रोज घरी जेवतो." मी त्याला समजवायला तोंड उघडलं. युक्तिवाद तयार होते सगळे, रांगेत उभे. तोंड मिटलं. "बरं," म्हटलं.

१३ डिसेंबर, बुधवार

इलिनॉयमधल्या एका लहान कॉलेजने मुलाखतीला बोलावलं होतं. हायस्कूलची जागा भरली गेली, तेव्हा गेलो. क्रीडा विभागाचा प्रमुख, छान माणूस, माझ्याच वयाचा. पाच मिनिटांत मुद्द्यावर आला. "तुम्ही एका वर्षात अठ्ठावन्न मुलं आणलीत म्हणे. स्वयंपाकघरात बसून. आम्हाला पन्नास हवीत."

"किती विद्यार्थी आहेत इथे?"

"सातशे. आहेत तसे."

"गेल्या वर्षी?"

त्याने पेन फिरवलं. "थोडे जास्त होते."

"मी पोरांच्या आयांना काय सांगू? चार वर्षं?"

"तेच तर सगळे सांगतात."

"तुम्ही मला लिहून द्याल?"

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये. "वेंडेल, असं कोण लिहून देतं?"

मी आभार मानले आणि बाहेर आलो. जोलीनला काय सांगायचं याचा विचार करत गाडीत बसलो. मग तिला फोन करून जसं झालं तसं सांगितलं. ती म्हणाली, "हळू चालव. रस्त्यावर बर्फ आहे." आवाज बरा होता तिचा.

निघालो नाही. यादी काढली. अजून सोय न झालेली सात नावं उरलीत. पहिलं टॉलिव्हर. गाडी तिथेच उभी ठेवून लॉटनला फोन लावला. त्याची आई मला मेपासून ओळखते. आवाज ओळखला आणि थंड झाली.

"आता कसलं वचन आणलंत, कोच?"

"वचन नाही आणलं, मिसेस टॉलिव्हर. तीन कॉलेजांची नावं आहेत. त्यांनी जारेलला पाहिलंय. पण होय म्हणायच्या आधी प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचे. मुलं किती कमी झाली, कोण कोण सोडून गेलं, असे. मी स्वतः कधी विचारले नव्हते. तुम्ही विचारा."

पलीकडे टीव्ही चालू होता कुठेतरी, तो बंद झाला.

"थांबा," ती म्हणाली, "पेन आणते."

मी थांबलो.